नंबर कुणाचा

बदलापूरजवळच्या खरवईला विहिरीकडच्या तुकड्यात पोपटी, म्हणजे मडक्यात भाजायच्या शेंगा, अंडी आणि चिकन, लावायची ती थंडीतल्या एखाद्या रविवारी, आणि सगळी घरची माणसं जमली तरच, असा कौसाबाईंचा नेम होता. नवरा कोंडाजी हयात होते तेव्हाच बाकीची जमीन बिल्डरला गेली. तिच्यावर इमारत उठली आणि तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. पण विहिरीकडचा तुकडा कौसाबाईंनी सोडला नाही. त्यात त्या अजून वाल लावायच्या, आणि शेंगा भरल्या की मोठ्या मुलाला निरोप जायचा.

या वर्षी मात्र निरोप उलट्या बाजूनं आला. हा मोठा मुलगा कैलास उल्हासनगरात पंख्यांचं आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान चालवायचा, तिथूनच त्याचा फोन आला की या रविवारी पोपटी लावू आणि आईच्या बँकेचं काय ते एकदाचं ठरवून टाकू.

कारणही तसंच होतं. कौसाबाई दर महिन्याच्या सुरुवातीला बदलापूरला बँकेत जायच्या, ठेवीवरचं व्याज काढायच्या आणि रिक्षानं परत यायच्या. या खेपेला रिक्षातून उतरताना त्यांचा तोल गेला आणि मनगटाला मुका मार बसला. हाड शाबूत होतं, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईनं हातात पैशांची पिशवी घेऊन एकटीनं का फिरावं, हा प्रश्न घरात उभा राहिला. कैलासचं म्हणणं साधं होतं. सगळं मोबाइलवर घ्यायचं, बँकेची पायरी चढायचीच नाही. आईच्या खात्याला त्याचाच नंबर जोडलेला होता, कोंडाजी गेले तेव्हा कागद त्यानंच भरले होते. तेव्हा ॲपही त्याच्याच फोनवर चालेल. आईनं फक्त सांगायचं, अमुक पैसे हवेत, की झालं.

धाकटी सून किर्ती कौसाबाईंसोबतच राहायची आणि त्याच बँकेच्या बदलापूर शाखेत कामाला होती. खरं तर हे तिनं दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. ग्राहकांना नेट बँकिंगवर आणायचं काम शाखेत तिच्याकडेच होतं, आणि ते करता करता तिला त्याचं एक वेगळंच वेड लागलं होतं. माणूस नेमका कशानं हो म्हणतो? प्रशिक्षणात सांगितलं होतं की सोय दाखवा, सुरक्षितता पटवा. पण काउंटरवर बसून तिनं पाहिलं ते निराळंच होतं. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका वर्षभर नको म्हणत राहिले, आणि शाखेतला त्यांचा ओळखीचा कॅशियर बदलून गेला त्या आठवड्यात येऊन ॲप घेऊन गेले. बोलायलाच कुणी उरलं नाही, मग यायचं कशाला, असं म्हणाले. एका भाजीवालीनं घेतलं, कारण शेजारच्या गाळ्यावर क्यूआर लागला आणि सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. एक तरुण मुलगी लग्न ठरल्यावर आली आणि म्हणाली, सासरी जायच्या आधी करून द्या. का, ते तिनं सांगितलं नाही आणि किर्तीनं विचारलं नाही, पण घरी जाताना सगळा रस्ता ती त्याच विचारात होती.

आणि घरात बसलेल्या स्वतःच्या सासूचं कोडं तिला सुटत नव्हतं. येत नाही म्हणावं, तर कौसाबाई मोबाइलवर भजनं लावत, नातेवाइकांना सकाळी फुलं पाठवत, गॅसचं बुकिंग स्वतः करत. भीती वाटते म्हणावं, तर ज्या बाईनं बिल्डरच्या माणसाला विहिरीवरून माघारी धाडलं ती कशाला घाबरणार? विचारलं की एवढंच म्हणायच्या, "माझं पासबुक बरं हाये."

त्यात आता आणखी एक गोष्ट होती, जी किर्तीनं कुणाला सांगितली नव्हती. कौसाबाई पडल्या त्या दिवशी रिक्षावाल्यानं त्यांच्या फोनवरून जो फोन लावला तो किर्तीला लागला होता. तो म्हणाला होता, बुवापाड्याच्या कोपऱ्यावर या, आजी बसल्यात. बुवापाडा अंबरनाथला. बदलापूरच्या बँकेतून खरवईला येणाऱ्या बाईला अंबरनाथ कुठून लागलं? किर्ती त्यांना घेऊन आली, घरी सगळ्यांनी बँकेतून येताना पडल्या असंच धरलं, आणि कौसाबाईंनी ते खोडलं नाही. किर्तीनंही नाही.

रविवारी दुपारी कैलास आणि त्याची बायको यशोधरा आले. यशोधरा उल्हासनगरातच एका खाजगी शाळेत शिकवायची. मोजकं बोलणारी बाई, पण नजरेतून काही सुटायचं नाही. पुरुषांनी, म्हणजे कैलासनं आणि किर्तीच्या नवऱ्यानं, विनीतनं, पेंढा आणि लाकडं रचायला घेतली. यशोधरा वरच्या घरात चिकनला मसाला लावत होती. कौसाबाई एका हातानं बांधावरचा, पोपटीला लागणारा भांबुर्ड्याचा पाला खुडत होत्या. दुसरं मनगट पट्टीत होतं. किर्ती टोपली धरून त्यांच्या मागून चालली. अशी वेळ पुन्हा मिळणार नव्हती.

"आई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही बुवापाड्यात कशाला गेला होता?"

कौसाबाईंनी पाला खुडणं थांबवलं नाही. खुडून झालेली मूठ टोपलीत टाकली, वास घेतला, आणि मग म्हणाल्या, "विठाकडे."

हे नाव किर्तीनं या घरात मोजून दोनदा ऐकलं असेल, दोन्ही वेळा चुकून आलेलं. विठा ही कैलासच्या पाठची बहीण. किर्ती लग्न होऊन आली त्याच्या कितीतरी आधी तिनं महेंद्रशी लग्न केलं होतं. महेंद्र बौद्ध समाजाचा, अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करायचा. मुलगा चांगला होता हे कोंडाजींनीही कधी नाकारलं नाही. पण जात आडवी आली, आणि त्यांनी सांगितलं की ती आपल्याला मेली. शेवटच्या आजारपणात त्यांनी कैलासकडून तसा शब्दही घेतला. ते गेले तेव्हा विठाला कुणी कळवलं नाही. तिला चौथ्या दिवशी बाहेरून कळलं.

कौसाबाई पुढे बोलत गेल्या, फार कुठे न अडखळता, जणू इतके दिवस कुणी विचारायचीच वाट पाहत होत्या. नवरा गेल्यावर पुढच्याच महिन्यात त्या पहिल्यांदा बुवापाड्यात गेल्या. दार विठाच्या सासूनं, जनाबाईंनी उघडलं. एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, पाणी दिलं आणि विठाला हाक मारली. तेव्हापासून दर महिन्याला त्या बँकेतून परस्पर तिकडे जात. दोघी म्हाताऱ्या चहा घेत, जनाबाई मुंबईतल्या आपल्या बहिणीच्या गोष्टी सांगत, विठा शाळेतून येणाऱ्या पोरीला घेऊन यायची. आणि निघताना कौसाबाई लेकीच्या हातात काही नोटा ठेवत. साडीचोळीचे.

"त्यांना अडचण आहे का?" किर्तीनं विचारलं.

"छे. तिला गरज नाय, बाय. ती कुठंतरी ठेवून देते. मला द्यायची गरज हाये. लग्नात एक चोळीचा खण दिला नाय मी तिला."

मग किर्तीला सगळं एकदम उलगडलं. मोबाइलवरून पैसे गेले असते तर त्यावर विठाचं नाव आलं असतं, आणि ते नाव उल्हासनगरात दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेल्या कैलासच्या फोनवर वाजलं असतं. महिन्यातून एकदा एकच रक्कम रोख काढली की मागे काहीच राहत नव्हतं. नोटेवर कुणाचं नाव नसतं.

"पण आई, खात्याचा नंबर बदलता येतो," किर्ती म्हणाली. "खातं तुमचं आहे. तुम्ही सही केली की तुमचा नंबर लागेल. सगळे मेसेज तुमच्याच फोनवर येतील. दादांच्या नाही."

कौसाबाईंचा हात आता थांबला. "मी सांगितल्यावर बदलतील? कैलासची सही नको?"

"नको."

"हे तू मला आजवर कसं नाय बोललीस?"

दोन वर्षं किर्ती या बाईला सांगत आली होती की रांग वाचेल, वेळ वाचेल, घरबसल्या बिल भरता येईल. फोन कुणाचा, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. शाखेत इतक्या बायका नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर देऊन जायच्या, तीच तो लिहून घ्यायची, आणि वर पुन्हा आश्चर्य करायची की या ॲप का वापरत नाहीत.

मडकं पाल्यावर पालथं बसलं, भोवती पेंढा पेटला. विनीत अधूनमधून त्यावर पाणी शिंपडून पाहत होता, चर्र वाजलं की झालं. त्या जाळाच्या कडेनं सगळे बसले तेव्हा कैलासनं विषय काढला. आमच्या बाजारात साठी उलटलेले सिंधी साईं लोकसुद्धा सगळा धंदा मोबाइलवर करतात, चेक लिहायला कुणाला वेळ नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. आवाजात चढ नव्हता, आईची काळजी होती, आणि ती खरी होती. विनीतनं मान डोलावली. आई पडली तेव्हापासून तो भावाच्या बाजूला होता.

"मी घेते मोबाइलवर," कौसाबाई म्हणाल्या.

कैलासला इतक्या लवकर होकाराची अपेक्षा नव्हती. तो हसला.

"पण नंबर माझा लावायचा. ॲप माझ्या फोनात. किर्ती शिकवेल."

आणि इथून सगळं फिरलं. किर्ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिला नवल वाटायला लागलं. ज्या कैलासनं आतापर्यंत सोय सांगितली होती त्याला आता धोके आठवायला लागले. खोटे फोन येतात, ओटीपी मागतात, आमच्या शेजारच्या दुकानदाराच्या वडिलांचं खातं एका दुपारीत साफ झालं. विनीतही म्हणाला की आईच्या हातात एवढं सगळं देणं बरोबर नाही, निदान मोठा भाऊ लक्ष तरी ठेवतो. मघाशी मोबाइल म्हणजे सगळ्या दुखण्यावरचं औषध होतं, आणि फोन आईचा म्हटल्याबरोबर तेच विष झालं.

"तू सांग की किर्ती," विनीत तिच्याकडे वळला. "रोज बघतेस ना बँकेत? म्हातारी माणसं फसतात की नाही?"

फसतात, हे खरं होतं. ते ती नाकारू शकत नव्हती. पण आज तिला आणखीही काही खरं ठाऊक झालं होतं, आणि ते सांगायचा अधिकार तिचा नव्हता. "तरुणही फसतात," ती म्हणाली. "शिकवलं तर कमी फसतात. आणि खातं आईंचं आहे, नंबर त्यांचाच हवा. नियमही तेच सांगतो." लग्नानंतर पहिल्यांदाच ती चार माणसांत विनीतच्या विरुद्ध बोलली होती.

तोवर गप्प असलेली यशोधरा जाळात काटकी सारत म्हणाली, "किर्ती, दुसऱ्या बँकेतपण बदलता येतो का गं नंबर? माझा पगार जमा झाल्याचा मेसेज यांच्याच फोनवर येतो."

कैलासनं बायकोकडे पाहिलं. "तुला कधी काही कमी पडलं का?"

"नाही पडलं," यशोधरा म्हणाली. "स्वतःचा पगार आला की नाही ते मला तुम्हाला विचारावं लागतं, एवढंच."

ती भांडणाच्या सुरात बोलली नव्हती, त्यामुळे त्याला भांडताही येईना. तो आईकडे वळला, आणि या वेळी त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. बाबा गेल्यापासून सगळं मी बघतोय. तुझ्या खात्यातला एक रुपया इकडचा तिकडे केला का कधी? तू पैसे काढलेस की मला मेसेज येतो, तो आला की मला बरं वाटतं. आई आज बँकेत चालत गेली, म्हणजे बरी आहे. रोज फोन करायला मला जमत नाही, पण तो मेसेज मी बघतो.

हे किर्तीला नवीन होतं. कैलास हिशेब ठेवण्यासाठी तो नंबर धरून बसलाय असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

कौसाबाईंनाही ते नवीनच असावं. त्या मुलाकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, "तसं असेल तर तुला सांगायलाच पाहिजे. मी पैसे काढून विठाकडे जाते. दर महिन्याला. पडले तीपण तिच्याच गल्लीच्या तोंडाशी."

मडक्यातून शेंगांचा वास यायला लागला होता.

"बाबांना मी शब्द दिला होता," कैलास शेवटी म्हणाला.

"तू दिलास. मला कुणी मागितला नाय."

"मग लपवलंस का?"

"तुझा शब्द मोडू नये म्हणून. आणि आता लपवायचं असतं ना कैलास, तर गपचूप नंबर बदलून बसले असते. सून बँकेतच हाये माझी. पण मला ते नको. माझ्या खात्यातून माझ्या पोरीच्या नावावर जाऊ दे. नोटेवर तिचं नाव नसतं रे. मला ते नाव बघायचंय."

कैलास उठून विहिरीकडे गेला आणि कठड्याला पाठ लावून उभा राहिला. विनीत आधी त्याच्या मागे निघाला, मग थांबला, आईजवळ येऊन बसला आणि हळूच विचारलं, ताई कशी आहे. ती गेली तेव्हा तो शाळेत होता, आणि त्याला ती अजूनही वेणी घालताना आठवायची. कौसाबाई त्याला सांगत बसल्या. पोपटी उघडली, शेंगा वाटल्या गेल्या, यशोधरानं एका ताटलीत चार शेंगा आणि अंडं विहिरीकडे नेऊन दिलं. कैलासनं ते घेतलं, खाल्लंही. पण घरी निघाला तेव्हा आईशी एक अक्षर बोलला नाही.

बुधवारी कौसाबाई शाखेत आल्या, विनीतच्या स्कूटरवर बसून. अर्जावर सही करताना दुखऱ्या मनगटामुळे त्यांना वेळ लागला. मागचे दोघं चुळबुळत होते, तरी त्यांनी घाई केली नाही. नंबर बदलला. संध्याकाळी किर्तीनं त्यांच्या फोनात ॲप उघडून दिलं, आणि मग मात्र ती नुसती शेजारी बसून राहिली. कौसाबाईंनी स्वतः भिंग लावून एकेक अक्षर बघत नाव घातलं. विठा, मग महेंद्र, मग तिचं सासरचं आडनाव. ते आडनाव त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं वाचलं. पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा त्यांनी तो चष्म्याशी नेऊन पुन्हा पुन्हा वाचला, आणि पाच मिनिटांनी विठाचा फोन आला. काय बोलणं झालं ते किर्तीला कळलं नाही. त्या फोन घेऊन गॅलरीत गेल्या होत्या.

किर्तीला आपलं वाटलं की आता यांची बुवापाड्याची फेरी थांबेल. पैसे पोहोचायला लागले म्हणजे माणसाचं जाणं कमी होतं, हे तिनं काउंटरवरून पाहिलेलं होतं. तसं तिनं बोलूनही दाखवलं.

"पैसे मोबाइलनं गेले ते बरंच झालं," कौसाबाई म्हणाल्या. "आता नोटांऐवजी घरचं काय न्यायचं ते नेता येईल."

दुसऱ्या शनिवारी शाखेला सुट्टी होती. कौसाबाईंनी नव्या तांदळाचं बाचकं बांधलं आणि रिक्षा बोलवायला सांगितलं. किर्ती सोबत निघाली. खरं कारण हेच की तिला विठाला बघायचं होतं. दोघी खाली आल्या तर फाटकापाशी कैलासची गाडी उभी होती. किर्तीनं यशोधराला फोनवर सांगितलं होतं, तिनं ते त्याच्या कानावर घातलं असणार. तो गाडीतून उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "रिक्षानं नको."

किर्ती कौसाबाईंना बसवत होती तोवर इमारतीच्या वॉचमननं काचेतून चावी घेऊन बाचकं डिकीत टाकलं. अंबरनाथच्या वाटेवर कैलासनं विचारलं की तो मेसेज आता तुझ्याकडेच येतो का. कौसाबाई म्हणाल्या, हो. मग थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाल्या की दर महिन्याच्या सुरुवातीला मी तुला फोन करीन, बरी आहे म्हणून सांगीन. त्यानं मान हलवली.

बुवापाड्याच्या कोपऱ्यावर त्यानं गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. इथून पुढे गल्ली अरुंद होती. किर्तीनं कौसाबाईंना हात देऊन उतरवलं. समोरून जनाबाई येत होत्या, फोनवर कळवलेलं होतं म्हणून, आणि त्यांच्या मागे एक बाई, पदर खोचलेला, चालण्यात अगदी कैलासची ढब. ती चार घरं अलीकडेच थबकली. गाडी तिला दिसली होती.

कौसाबाई डिकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. किर्तीनं खटका ओढून पाहिला, पण डिकी उघडेना.

"ती अशी नाही उघडत," कैलास आतून म्हणाला. "चावी लागते."

त्यानं चावी काढली, तसं इंजिन बंद पडलं. काचेतून हात बाहेर काढून तो चावी किर्तीला देऊ शकला असता. ती घ्यायला पुढेही झाली. पण त्यानं दार उघडलं, मागे गेला, डिकी उघडली आणि बाचकं खांद्यावर घेतलं.

"कुठलं घर?" त्यानं विचारलं. आईला नव्हे, त्या थबकलेल्या बाईला.

विठानं हातानं दाखवलं, आणि त्याच्या पुढे चालायला लागली.